निळ्या कड्याची म्हातारी

१९८० साली जगभरात मिळून काळे रॉबिन उरले होते पाच. त्यातही अंडी घालून पिल्लं वाढवणारी मादी एकच, आणि तीही उतारवयाला लागलेली. हे पक्षी साधारण चार-पाच वर्षं जगतात. हिने आठवं केव्हाच ओलांडलं होतं. ओळखीसाठी पायात निळं कडं घातलेलं, म्हणून तिला सगळे ‘ओल्ड ब्लू’ म्हणायचे. जोडीदाराच्या पायात पिवळं कडं, तो ‘ओल्ड यलो’. आज अडीचशेच्या आसपास काळे रॉबिन आहेत, आणि त्यातला एकूणएक या जोडप्याचा वंशज आहे.

हे पक्षी राहतात न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, चॅटम बेटांवर. माणसांच्या मागोमाग तिथे मांजरं आणि उंदीर पोचले, जंगल गेलं, आणि रॉबिन मागे सरत सरत लिटल मंगेरे नावाच्या एका उभ्या कड्यांच्या बेटापुरते उरले. तिथलीही झाडी खालावली. १९७६ मध्ये उरलेले सातही पक्षी पेट्यांत घालून, पाठीवर बांधून, कड्यावरून खाली उतरवले आणि शेजारच्या मंगेरे बेटावर नेले. या बेटावर पूर्वी मेंढ्या चरत. ‘फॉरेस्ट अँड बर्ड’ या संस्थेने लोकांकडून पैसे उभे केले, १९६६ मध्ये बेट ताब्यात आलं आणि तिथे सव्वा लाखाच्या घरात झाडं लावली गेली. निसर्गरक्षणातलं बरंचसं काम हे असंच असतं: वर्गणी, रोपं, खड्डे. छायाचित्रात ते दिसत नाही.

जागा मिळाली, तरी पक्षी घटतच राहिले. तेव्हा डॉन मर्टन आणि त्यांच्या वन्यजीव खात्यातल्या सहकाऱ्यांनी जे केलं, ते ऐकून आजही थक्क व्हायला होतं. रॉबिनची मादी एका वेळी साधारण दोनच अंडी घालते. पण अंडी नाहीशी झाली, तर पुन्हा घरटं बांधून पुन्हा घालते. मग तिची अंडी उचलायची आणि दुसऱ्याच जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवायची. कोकिळा कावळ्याशी जे करते तेच. फक्त लबाडी माणसाची. पहिल्यांदा वार्बलर नावाचा पक्षी निवडला. त्याने अंडी इमानाने उबवली, पण पिल्लांना पुरेल एवढं भरवणं त्याला झेपेना. मग टॉमटिट या रॉबिनच्याच भाऊबंदावर भिस्त ठेवली. टॉमटिट होते रांगातिरा बेटावर. म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅमच्या पक्ष्याचं अंडं, ऊब टिकवत, खवळलेल्या समुद्रातून होडीने न्यायचं!

टॉमटिटने पिल्लं पोसली, पण ती स्वतःला टॉमटिटच समजू लागली. त्यांचंच गाणं गायची, जोडीदारही त्यांच्यातलाच शोधायची. तेव्हा पिल्लं घरट्यातून उडण्याआधी पुन्हा रॉबिन आईबापांकडे आणून सोडायची, अशी रीत पाडली. ओल्ड ब्लूने तेरा-चौदा वर्षांचं आयुष्य काढलं आणि जवळजवळ अखेरपर्यंत अंडी घातली. १९८९ च्या सुमारास संख्या शंभरावर गेली.

मला मात्र सगळ्यात विलक्षण वाटतो तो यापुढचा भाग. काही माद्या अंडं घरट्याच्या खोलगट भागात न घालता काठावर घालत. काठावरचं अंडं उबवलं जात नाही, वाया जातं. एकेक अंडं लाखमोलाचं असताना ते कोण वाया जाऊ देईल? कार्यकर्ते ते अलगद आत सरकवत. पिल्लू निघे, मोठं होई, आणि आईची खोड पुढे नेई. ही खोड आनुवंशिक निघाली. त्या दशकाच्या शेवटी निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या होत्या! एरवी निसर्गाने जी खोड पहिल्याच पिढीत खुडली असती, ती माणसाच्या मायेने जोपासली. पुढे काठावरची अंडी तशीच सोडून द्यायची असं ठरलं. डोळ्यांदेखत अंडं थंड होऊ द्यायचं आणि हात खिशात ठेवायचे. कड्यावरून पेट्या उतरवण्यापेक्षा हे अवघड गेलं असणार. प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडं आणि वहीत त्याची वंशावळ असल्यामुळे पुढे संशोधकांना सगळं ताडून पाहता आलं: मदत थांबल्यावर ती खोड झपाट्याने ओसरली.

काळे रॉबिन आज मंगेरे आणि रांगातिरा या दोनच छोट्या बेटांवर टिकून आहेत. पिट बेटावर तिसरी वस्ती करायचा प्रयत्न झाला, तो फसला. सगळे एकाच आईबापांचे, त्यामुळे आपसांतला फरक नगण्य. एखादी साथ आली तर कोणता पक्षी तगेल, याचा भरवसा नाही. आणि साथीचीही गरज नाही. गाभण उंदरीण एखाद्या होडीतून उतरली, तरी पुरे. म्हणून रांगातिरावर पाऊल ठेवायला परवाना लागतो.