'शरीफ खानदान' म्हणजे नेमके काय?

अनीस बझ्मी यांचा 'वेलकम' हा हिंदी चित्रपट २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याने भरपूर गल्ला जमवला. अजूनही तो टीव्हीवर लागला की घरातली लहानथोर मंडळी त्याच्यासमोर बसतात. नाना पाटेकरांचे त्यातले संवाद मोबाइलवरून फिरतच असतात. विनोदी चित्रपट आहे, हसा आणि सोडून द्या, असे आम्हाला कोणी सांगेल. हसायला आमची हरकत नाही. परंतु ज्या प्रश्नावर हा चित्रपट उभा आहे तो प्रश्न या देशात हसण्यावारी नेण्यासारखा नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. उदय शेट्टी (नाना पाटेकर) आणि मजनू (अनिल कपूर) हे दुबईतले गुंड. त्यांच्याकडे पैसा आहे, बंगला आहे, बंदुका आहेत, हाताखाली माणसे आहेत. नाही ते फक्त एकच. उदयची बहीण संजना (कतरिना कैफ) हिच्यासाठी चांगल्या घरातले स्थळ मिळत नाही. भाऊ काय करतो हे कळले की मुलाकडचे लोक पळ काढतात. दुसरीकडे डॉ. घुंगरू (परेश रावल) यांनी आपल्या भाच्याचे, राजीवचे (अक्षय कुमार), लग्न शरीफ खानदानातच करायचे असा हट्ट धरलेला. मुलीच्या भावांचा धंदा कळताच मामा भाच्याला घेऊन दक्षिण आफ्रिकेला पळतो आणि भाचा नेमका तिथेच संजनाच्या प्रेमात पडतो. असाच प्रकार हॉलिवूडच्या 'मिकी ब्लू आईज' (१९९९) या चित्रपटात होता. तिथे लिलाव पुकारणारा एक इंग्रज गृहस्थ न्यूयॉर्कच्या माफिया टोळीतल्या माणसाचा जावई व्हायला निघतो. पण तिथे नवरदेवाला धाक आहे तो टोळीचा. आपल्याकडे टोळीइतकाच धाक आहे तो 'खानदान' या शब्दाचा. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

आता या चित्रपटाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. भावाच्या गुन्ह्याची शिक्षा बहिणीला का, असा सरळ प्रश्न तो विचारतो आणि देऊ नये असे उत्तरही देतो. एवढेच नव्हे, तर गुंड हा जन्मतः गुंड नसतो हेही तो दाखवतो. उदयला नट व्हायचे होते, मजनूला चित्रकार. राजीव आणि संजना त्यांच्या त्या जुन्या आवडी जाग्या करतात आणि बंदूक धरणाऱ्या हातात ब्रश येतो. मजनूची चित्रे हसण्यासारखी आहेत हे खरे. परंतु माणूस रक्ताने ठरत नाही, परिस्थितीने घडतो आणि संधी मिळाली तर बदलतो, हा विचार त्या हसण्याच्या आडून आलाच आहे. दिग्दर्शकाच्या मनात असो वा नसो, जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या सनातनी विचाराच्या हा विचार थेट विरोधात जातो.

मग आमची तक्रार काय? तक्रार ही की ही माफी कुणाच्या वाट्याला येते हे प्रेक्षकाने पाहावे. ती येते दुबईच्या बंगल्यात राहणाऱ्याच्या वाट्याला. शेवटी 'गुन्हेगार कुटुंब' सोयरे म्हणून पंक्तीत बसते. आता याच देशातल्या दुसऱ्या 'गुन्हेगार कुटुंबां'कडे पाहा. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याची कक्षा वाढवत नेली. या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तिथे आरोप नको, पुरावा नको, खटला नको. आईच्या पोटातून बाहेर आलेले मूल गुन्हेगार! हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात माणसे कोंडून ठेवणारी सेटलमेंट होती. हा कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षांनी. कायदा गेला, शिक्का गेला नाही. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांच्या नजरेत पारधी तो पारधीच राहिला. तुरुंगात कैद्यांना जातीवरून कामे वाटून देण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. हा शिक्का माणसाच्या वाट्याला काय आणतो हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचावे. पुस्तकाचे नावच जमातीवर मारलेला शिक्का आहे.

उदय शेट्टीने खरोखर गुन्हे केलेले आहेत आणि प्रेक्षक त्याला माफ करून टाळ्या वाजवतो. ज्याने काही केलेले नाही त्या पारध्याच्या पोराला मात्र कुणी साधी खोली भाड्याने देत नाही. लग्नाच्या बाजारात बंदूक चालते, काळा पैसा चालतो. चालत नाही तो फक्त 'चुकीचा' जन्म. हे आम्हाला हसून सोडून देता येत नाही.

आणि शरीफ खानदान म्हणतात ते तरी कोणते? नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. त्यातले पाटलाचे घर म्हणजे गावातले प्रतिष्ठित घर. मान आहे, राजकारण आहे, जमीनजुमला आहे. डॉ. घुंगरूंनी त्या घराचे स्थळ डोळे झाकून पसंत केले असते. परंतु त्या घरची मुलगी मासेमारी करणाऱ्याच्या मुलाशी संसार थाटते, तेव्हा माहेरची माणसे भेटी घेऊन येतात आणि दोघांचा जीव घेऊन जातात. 'वेलकम'मधला गुंड भाऊ बहिणीच्या लग्नासाठी दारोदार फिरतो आणि 'सैराट'मधला खानदानी भाऊ लग्न केले म्हणून बहिणीला मारतो. वाचकांनीच सांगावे, या दोन घरांपैकी गुन्हेगारांचे घर कोणते?

हे पडद्यावरचेच आहे असे कुणी समजू नये. नगर जिल्ह्यातल्या सोनई येथे जानेवारी २०१३ मध्ये मेहतर समाजाच्या तीन तरुणांचे हत्याकांड झाले, त्यामागे आंतरजातीय प्रेमाचेच कारण होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ साली सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. 'वेलकम' येण्याच्या एक वर्ष आधी, जुलै २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लता सिंग खटल्याच्या निकालात स्पष्ट सांगितले होते की आंतरजातीय विवाह राष्ट्रहिताचे आहेत आणि अशा जोडप्यांना त्रास देणाऱ्यांवर कारवाई झाली पाहिजे. निकाल झाला, मारेकऱ्यांचे हात मात्र थांबले नाहीत.

याचे मूळ बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीतल्या जातीत लग्न करणे हेच जातिसंस्थेचे मर्म असल्याचे सिद्ध केले. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच त्यावरचा खरा उपाय सांगितला. म्हणजेच 'खानदान' पाहणे ही निरुपद्रवी कौटुंबिक काळजी नव्हे. व्यवस्थेने आपल्या दाराशी उभा केलेला तो पहारेकरी आहे. तो पहारेकरी फक्त पाटलाच्याच वाड्यावर उभा असतो असेही नाही. चळवळीतल्या घरांतही स्थळ आले की पोटजात विचारली जाते, भटक्या-विमुक्तांच्या घरची मुलगी म्हटली की नाके मुरडली जातात. जयंतीला मिरवणूक काढायची आणि सोयरिकीला घुंगरू मामा व्हायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

'वेलकम' जरूर पाहा, पोट धरून हसा. पण घरात लग्नाची गोष्ट निघेल तेव्हा मुलगा-मुलगी काय करतात, कसे वागतात, एकमेकांना मान देतात का, एवढेच विचारा. 'घराणे कोणते?' हा प्रश्न डॉ. घुंगरूंसाठी ठेवून द्या. पडद्यावर तो विचारला तर लोक हसतात. आपल्या बैठकीत कुणी विचारला तर तिथेही लोकांनी हसावे, असा दिवस आपल्यालाच आणायचा आहे.