अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि आपली वस्ती

अमेरिकेत दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते. त्या देशात आपले मत नाही, तिथल्या कुठल्या यादीत आपले नाव नाही. तरीही निकालाच्या दिवशी ताडीवाला रोड, येरवडा, दापोडी, कुठेही जा, चहाच्या टपरीवर तोच विषय असतो. आमच्या आठवणीत ही चर्चा सर्वांत जास्त रंगली ती २००८ साली. तिकडे ४ नोव्हेंबरला मतदान झाले आणि आपल्याकडे ५ तारखेच्या सकाळी बराक ओबामा निवडून आल्याची बातमी टीव्हीवर झळकली. ज्या देशात काळ्या माणसाला बाजारात उभे करून विकले जात होते, त्या देशाच्या सर्वोच्च पदावर काळा माणूस! आमच्याकडे पेढे वाटले गेले. एका म्हाताऱ्या आजींनी विचारले, "म्हंजी त्यो आपल्यातलाच का रं बाबा?" आणि तरुण पोरांनी विचारले, "मग आपला पंतप्रधान कधी?"

हे दोन्ही प्रश्न मनापासून आलेले होते. परक्या देशाची निवडणूक माणूस आपले सुखदुःख बरोबर घेऊनच पाहतो. २०२४ साली कमला हॅरिस उभ्या राहिल्या तेव्हा आपल्या वाहिन्यांचे कॅमेरे तामिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरम गावी, त्यांच्या आजोबांच्या मूळ गावच्या देवळात जाऊन पोचले. कोणी त्यांच्यात आपली लेक पाहिली, आपण ओबामांमध्ये आपला भाऊ पाहिला. यात गैर काही नाही. पण नात्याच्या पलीकडे पाहायला आपल्या महापुरुषांनी शिकवले आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या पुण्यातच झालेली आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अमेरिकेतल्या चांगल्या लोकांना अर्पण करून. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल हा गौरव होता. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे अर्पण लिंकनला नाही, दुसऱ्या कोणा राष्ट्राध्यक्षालाही नाही. ते लोकांना आहे. गंज पेठेत राहणाऱ्या जोतीरावांनी ना रेडिओ ना टेलिफोन अशा काळात सातासमुद्रापलीकडची लढाई पाहिली आणि त्यातले श्रेय कोणाचे ते बरोबर ओळखले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७६ साली, अमेरिकेत जी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली तिची माहिती आपल्या मुलांना असली पाहिजे. लोकांची मते टिल्डन यांना जास्त पडली होती, पण काही राज्यांच्या निकालांवरून मोठा वाद झाला. शेवटी हेज यांना १८५ आणि टिल्डन यांना १८४ निर्वाचकांची मते मिळाली असे ठरले, म्हणजे एका मताने हेज राष्ट्राध्यक्ष झाले. या वादात पक्षांच्या पुढाऱ्यांत जी तडजोड झाली, तिच्यानंतर १८७७ मध्ये दक्षिणेच्या राज्यांत काळ्या लोकांना संरक्षण देणारे सरकारी सैन्य काढून घेण्यात आले. मग काय झाले असेल ते आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. धमक्या, मारहाण, खून, जाचक कायदे, आणि काळ्या माणसाचे मत हिरावून घेतले गेले. ते नीट परत मिळायला १९६५ चा मतदान हक्काचा कायदा यावा लागला. एका खुर्चीच्या सौद्यापायी जवळजवळ नव्वद वर्षे गेली!

आता उलट बाजूने पाहू. परदेशातले लोक आपल्या राजकारणाकडे कसे पाहतात? बाबासाहेबांनी १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात एक आख्खे प्रकरण परकीयांना उद्देशून आहे. देशाचे स्वातंत्र्य आणि देशातल्या माणसांचे स्वातंत्र्य यांतला फरक परकीयांना कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. परक्याला पुढारी दिसतो, त्याच्या पायाखाली कोण आहे ते दिसत नाही.

बाबासाहेबांची ही तक्रार किती खरी होती ते १९९७ च्या जुलै महिन्यात आपण डोळ्यांनी पाहिले. तो स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचा काळ. ११ जुलैच्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांनी पाहिला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे गेली. तीनच दिवसांनी, १४ जुलैला, राष्ट्रपतिपदाचे मतदान झाले. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. १७ जुलैला मतमोजणी झाली आणि के. आर. नारायणन प्रचंड मतांनी निवडून आले. त्यांना ९,५६,२९० आणि टी. एन. शेषन यांना ५०,६३१ इतक्या मूल्याची मते मिळाली. २५ जुलैला त्यांनी शपथ घेतली. केरळातल्या उझवूर गावच्या गरीब दलित घरातला मुलगा भारताचा राष्ट्रपती झाला, ही बातमी जगभर गेली आणि भारताची मान उंचावली. त्याच आठवड्यातले रमाबाई नगर मात्र त्या कौतुकात कोणाला आठवले नाही.

आता २००८ च्या आपल्या पेढ्यांकडे वळू. ओबामा राष्ट्राध्यक्ष असतानाच ९ ऑगस्ट २०१४ रोजी फर्ग्युसन नावाच्या गावात मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र काळा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. (आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजाशी या गावाचा काही संबंध नाही, नाव तेवढे सारखे!) तिथल्या आयांनी पोलिसांना जे प्रश्न विचारले ते घाटकोपरच्या आयांनी आधीच विचारलेले होते. खुर्चीवर आपला माणूस आहे एवढ्याने पोलिसाच्या बंदुकीची दिशा बदलत नाही, हे दोन्ही देशांत दिसले.

मग खुर्ची काय कामाची, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की खुर्ची कामाची असते, पण ती कोणत्या मतांवर मिळाली आणि तिच्या हातात काय आहे, याचा हिशेब आधी मांडावा. आम्ही कॉमर्सवाले, हिशेबाशिवाय आम्हांला चैन पडत नाही.

अमेरिकेत एकूण ५३८ निर्वाचक असतात आणि जिंकायला २७० लागतात. ओबामांना ३६५ मिळाले. काळ्या लोकांचे प्रमाण तिथे शंभरात तेरा धरा. म्हणजे निव्वळ काळ्या मतांवर ते निवडून येणे शक्यच नव्हते. मतदानानंतरच्या पाहणीप्रमाणे गोऱ्यांतही शंभरातल्या सुमारे ४३ जणांनी त्यांना मत दिले. ही जमेची बाजू. उणे बाजू अशी की ही निर्वाचकांची पद्धत सुरू झाली तेव्हा राज्याची लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब होता. गुलामांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांचे वजन वाढायचे! आजही लोकांची मते कमी पडून माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो. २०१६ साली ट्रम्प यांना हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मते कमी होती, तरी ते जिंकले.

आपला प्रतिनिधी कोणाच्या मतांवर निवडून यावा, याच प्रश्नावर आपल्या येरवडा तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यामुळे हा विषय पुणेकर बौद्धांना नवा नाही.

आणि अधिकाराचे म्हणाल तर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना हे स्पष्ट केले होते. आपल्या राष्ट्रपतीचे आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे इंग्रजी नाव एक, बाकी साम्य नाही. तिकडचा राष्ट्राध्यक्ष स्वतः कारभार चालवतो, आपल्या मंत्र्याला वाटेल तेव्हा काढतो. आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला. तेव्हा पोरांनी ओबामांची तुलना पंतप्रधानाशी केली ती बरोबरच होती. तरीही त्या बांधलेल्या खुर्चीवरून नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस मंत्रिमंडळाकडे फेरविचारासाठी परत पाठवली, पुढच्या वर्षी बिहारची पाठवली. न्यायाधीशांच्या नेमणुकांत अनुसूचित जाती-जमातींच्या लायक माणसांचा विचार व्हावा, असा शेरा त्यांनी फायलीवर लिहिला. हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. ओबामांचे फोटो मात्र आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले.

आता आपल्या समाजातलीही मुले शिकून अमेरिकेला जाऊ लागली आहेत; कोणी कॉम्प्युटरच्या नोकरीत, कोणी विद्यापीठात. त्यांच्या आईवडिलांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर तिथल्या लहान निवडणुकांकडेही लक्ष द्यावे. व्हिसाचे नियम वॉशिंग्टनमधून बदलतात हे खरे. पण नोकरीत आणि घर भाड्याने घेताना कोणी जात काढली तर दाद कुठे मागायची, हे तिथे शहरात आणि राज्यात ठरते आहे. सिएटल शहराच्या कौन्सिलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारा नियम केला. तो कौन्सिलच्या सभासद क्षमा सावंत यांनी मांडला होता, आणि त्यांचे बालपण मुंबईतले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले. ऑक्टोबर महिन्यात गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही करायला नकार दिला. आधीच्या कायद्यात हे येतेच, असे कारण त्यांनी दिले. २०२८ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी याच न्यूसम यांचे नाव घेतले जाते. तेव्हा टपरीवर पुन्हा चर्चा रंगेल, त्या वेळी हे विधेयक कोणीतरी आठवणीने काढावे.