आशाताई घरी येतात का?

दवाखाना लांब, रोजी बुडते, म्हणून आजारी बाळाला न्यायला आपण उशीर करतो. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गावातल्याच बायांना शिकवले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन, ताप, श्वास तपासत. जंतुसंसर्ग झाल्यास घरीच इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईंनी ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचे असते. आजार लवकर कळला तर भरती टळू शकते. त्या येत नसतील तर आरोग्य केंद्रात मिळून विचारूया. तो आपला हक्क आहे.

मात्र बाळ दूध ओढेना, थंड पडले, झटके आले किंवा श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर घरी थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.