पिवळं पाणी, विटकरी थेंब

मुलुंडहून घाटकोपरकडे लोकलने जाताना दोन्ही बाजूंना पाणी असतं. पश्चिमेला डोंगरापलीकडे तुळशी आणि विहार. विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. पूर्वेला, हायवेपलीकडे, ठाण्याची खाडी आणि तिच्या काठाने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरं. एकीकडे गोडं, दुसरीकडे खारं, मध्ये जेमतेम काही किलोमीटर. आणि या दोहोंच्या मधल्या जमिनीत सोसायट्यांनी मारलेल्या बोअरवेल, ज्यांच्या पाण्याची चव बहुतेक वेळा दोन्हींच्या अधेमधे. मचूळ.

हे मचूळ म्हणजे नेमकं किती? जीभ एवढंच सांगते की काहीतरी आहे. आकडा हवा असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक पिवळं मीठ कामाला येतं: पोटॅशियम क्रोमेट. कितीतरी बॅचेसना मी हा प्रयोग शिकवला आहे, आणि शेवटचा थेंब पडताना माझी नजर अजूनही फ्लास्कवरून हलत नाही.

पाण्याचा ५० मिलिलिटर नमुना कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचा. त्यात क्रोमेटचं द्रावण एक मिलिलिटर. पाणी लिंबासारखं पिवळं होतं. मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं आणि फ्लास्क सतत फिरवत राहायचा. चांदी आणि मिठातलं क्लोराइड एकमेकांना पाहताच बिलगतात, त्यांचा पांढरा साका होतो, आणि फ्लास्कमधलं पाणी पीयूषासारखं दुधट पिवळं दिसू लागतं. थोड्या वेळाने जिथे थेंब पडतो तिथे क्षणभर तांबूस ठिपका उमटतो. फ्लास्क फिरवला की नाहीसा. पुन्हा थेंब, पुन्हा ठिपका, आता विरायला जरा उशीर. इथे घाई करणारा चुकतो. मग असा एक थेंब येतो की त्याची विटकरी छटा सगळ्या पाण्यात पसरते आणि जात नाही. कॉक बंद करायचा, आकडा वाचायचा.

घडलं काय? फ्लास्कमध्ये चांदीला दोन जोडीदार होते, क्लोराइड आणि क्रोमेट. चांदीचं क्लोराइड पाण्यात जितकं विरघळतं, त्याच्या साधारण पाचपट तिचं क्रोमेट विरघळतं. म्हणून शेवटचं क्लोराइड जवळपास संपेपर्यंत क्रोमेटला चांदी मिळतच नाही. ते संपलं की पुढचा थेंब क्रोमेटच्या वाट्याला येतो आणि सिल्व्हर क्रोमेटचा विटकरी रंग दिसतो. पाण्यातलं मीठ डोळ्यांना दिसत नाही; ते संपल्याचं मात्र दिसतं. ही युक्ती जर्मन रसायनज्ञ कार्ल फ्रीडरिश मोर यांनी १८५६ साली मांडली.

आता हिशोब. नेहमीच्या ताकदीच्या सिल्व्हर नायट्रेटचा एक मिलिलिटर अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड खातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं, म्हणजे आपल्या ५० मिलिलिटरला २५ मिलिलिटर चांदीचं द्रावण. अर्धं ब्युरेट. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम. तेवढ्याच नमुन्याला जवळजवळ दोन लिटर सिल्व्हर नायट्रेट ओतावं लागेल! म्हणून खाडीचं पाणी आधी शंभरपट पातळ करून घेतात. विद्यार्थ्यांचा एक गोंधळ इथेच मिटवावा लागतो: भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात पाण्यात घालतात तो क्लोरीन जंतू मारण्यासाठी असतो, आणि इथे आपण मोजतो ते मिठाचं क्लोराइड. नावं जवळची, स्वभाव वेगळे.

या प्रयोगात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुस्तकातल्या कृतीत नसते. विटकरी झालेल्या फ्लास्कमध्ये चिमूटभर मीठ टाका आणि हलवा. विटकरी रंग जातो, पाणी पुन्हा पिवळं. क्लोराइड परत आलं आणि क्रोमेटच्या हातातली चांदी त्याने काढून घेतली. मुलं हे तीनतीनदा करून बघतात. मी करू देते.

एक अट आहे. पाणी आम्लधर्मी असेल तर प्रयोग फसतो, कारण क्रोमेट तेव्हा क्रोमेट राहतच नाही. पिवळ्या द्रावणात सौम्य आम्लाचे काही थेंब टाका, ते नारिंगी होतं: क्रोमेटच्या जोड्या जुळून डायक्रोमेट तयार झालं. अल्कली घाला, जोड्या फुटतात, पुन्हा पिवळं. हे कितीही वेळा करा. पण अल्कलीही फार झाली तर चांदी तिच्याशीच जुळून तपकिरी खाली बसते. पाणी उदासीनच्या आसपास असावं लागतं, तरच हा पिवळा साक्षीदार खरं बोलतो.

या पिवळ्या मिठाच्या पोटात आहे क्रोमियम. १७९७ साली फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लां यांना सायबेरियातल्या शिशाच्या एका लाल खनिजात हे मूलद्रव्य सापडलं. त्याची संयुगं इतक्या रंगांची निघाली की नावच ग्रीक भाषेतल्या रंगावरून पडलं. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंग क्रोमियमच्याच लेशामुळे येतो. त्याचं खनिज, क्रोमाइट, आपल्या सिंधुदुर्ग आणि भंडारा जिल्ह्यांतही आहे.

माणकात आणि पाचूत क्रोमियमने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. क्रोमेटमध्ये सहा. चार ऑक्सिजनच्या मधोमध बसलेलं हे क्रोमियम इलेक्ट्रॉनांसाठी इतकं भुकेलेलं असतं की जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा धक्का मिळताच शेजारच्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन त्याच्याकडे उडी घेतो. तो प्रकाश त्यात खर्ची पडतो आणि आपल्यापर्यंत उरलेला पिवळा पोचतो.

तीच भूक घातकही आहे. क्रोमेटचा बांधा हुबेहूब सल्फेटसारखा, मध्ये एक आणि भोवती चार ऑक्सिजन. सल्फेट पेशीला रोज लागतं, त्याच्यासाठी दारं असतात, आणि क्रोमेट त्याच दारांनी आत शिरतं. आत गेल्यावर मिळेल तिथून इलेक्ट्रॉन ओरबाडतं, डीएनएला इजा करतं. षट्संयुजी क्रोमियमने कर्करोग होतो हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून प्लेटिंगच्या कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रियेशिवाय गटारात जाता कामा नये, आणि हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात शिशाचं क्रोमेट मिसळणं हा सरळ गुन्हा आहे. आमच्याकडे हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, आणि पिपेट तोंडाने ओढायचं नाही.

फ्लास्कमधल्या त्याच विटकरी सिल्व्हर क्रोमेटने माणसाला स्वतःच्या मेंदूतली पेशीही दाखवली आहे. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी मेंदूचे तुकडे आधी डायक्रोमेटमध्ये मुरवले, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशींत सिल्व्हर क्रोमेटचे कण भरले, पण ज्यांत भरले त्या टोकापासून टोकापर्यंत: पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्या, फांद्याफांद्यांच्या. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा गोळा दिसला असता. १९०६ चं नोबेल गोल्जी आणि त्यांचीच पद्धत वापरणारे काहाल यांना मिळून दिलं गेलं.

प्रयोग संपला की फ्लास्क बेसिनमध्ये रिकामा करायचा नाही. आम्ही आधी चिमूटभर मीठ टाकतो, म्हणजे सगळी चांदी पांढऱ्या साक्यात येते. तो गाळून चांदीसाठी ठेवलेल्या बाटलीत. उरलेल्या पिवळ्या पाण्यात आम्ल, पाणी नारिंगी. मग सोडियम बायसल्फाइट. क्रोमियमला हवे असलेले तीन इलेक्ट्रॉन इथे मिळतात, आणि बघता बघता नारिंगी विरून पाणी हिरवं होतं. त्यात चुन्याची निवळी घालून बाटली रात्रभर फडताळात ठेवतो. सकाळी तळाशी राखट हिरवा गाळ बसलेला असतो, आणि वर पाणी, रंग नसलेलं.