सोळा दिवसांचा गर्भ गाईला काय सांगतो?

गाय माजावर आली, रेतन केलं आणि एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर आली. गोठ्यात याला ‘गाय उलटली’ म्हणतात. शेतकऱ्याचे तीन आठवडे वाया जातात. पण बऱ्याचदा अशा गाईत फलन झालेलं असतं, गर्भ वाढायलाही लागलेला असतो आणि तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच संपतो. असं का होतं, हे शोधायचं तर आधी गर्भ गाईला आपली खबर कशी देतो ते बघायला हवं.

मूळ प्रश्न जुना आहे. गर्भाची अर्धी जनुकं वडिलांची, म्हणजे आईसाठी परकी. मग आईची प्रतिकारयंत्रणा त्याला नाकारत का नाही? हा प्रश्न पीटर मेडावार यांनी १९५३ साली मांडला.

गाई-मेंढ्यांमध्ये उत्तराचा मोठा भाग एका प्रथिनात आहे: इंटरफेरॉन टाऊ. इंटरफेरॉन म्हटलं की आपल्याला विषाणू आठवतो. इथे मात्र विषाणू लागतच नाही. गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी, म्हणजे ट्रोफोब्लास्ट, ते स्वतःहून तयार करतात. मेंढीच्या गर्भातलं हे प्रथिन इंटरफेरॉनच्या कुळातलं आहे, हे १९८७ साली कळलं. ते फक्त रवंथ करणाऱ्या प्राण्यांत सापडतं.

आता वेळापत्रक बघू. सातव्या दिवशी गर्भ ब्लास्टोसिस्ट असतो, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो लांबायला लागतो आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास धाग्यासारखा होतो. याच काळात इंटरफेरॉन टाऊ सर्वाधिक स्रवतं.

त्याची कामं दोन. पहिलं, गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढू न देणं. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा येत नाहीत, कॉर्पस ल्युटियम टिकतं आणि प्रोजेस्टेरॉन चालू राहतं. दुसरं, प्रतिकारपेशींचा सूर बदलणं. आयएसजी१५, एमएक्स२, ओएएस१ ही जनुकं अस्तरात जागी होतात आणि अठरा ते वीस दिवसांच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही त्यांची पातळी वाढलेली दिसते. थोडक्यात, प्रतिकारयंत्रणा बंद पडत नाही, काही बाजूंनी ती जास्तच सावध होते. फक्त तिचा रोख गर्भावर राहत नाही.

मग रक्तातलं आयएसजी१५ मोजून गाय गाभण आहे हे लवकर ठरवता येईल का? कल्पना चांगली आहे, पण प्रयोग आखताना दोन गोष्टी आड येतात. एक, विषाणूसंसर्गातही हीच जनुकं वाढतात. दोन, विसाव्या दिवशी पातळी जास्त आणि तिसाव्या दिवशी सोनोग्राफीत गर्भ नाही, असं झालं तर? चाचणी चुकली, की गर्भ होता आणि मधेच गेला?

म्हणून गाभण गाईंशी तुलना करायला दोन गट हवेत: रेतन करूनही न फळलेल्या गाई आणि रेतनच न केलेल्या गाई. शिवाय नमुना एकदाच न घेता काही दिवस सलग घ्या आणि सोबत प्रोजेस्टेरॉनही मोजा. आयएसजी१५ वाढलं, पण प्रोजेस्टेरॉन नेहमीच्याच दिवशी घसरलं, तर संसर्गाची शंका घ्या. दोन्ही टिकले आणि नंतर घसरले, तर गर्भाने निरोप दिला होता आणि तो पुढे मेला, ही शक्यता जास्त.

शोधप्रस्ताव लिहिताना स्वतःला एवढं विचारा: माझा नमुना या दोन गाईंमधला फरक दाखवू शकेल का?