नव्या गाण्यांची पारख



वसंतातल्या संध्याकाळी गाण्याविषयी बोलायचे आणि गाणे मात्र म्हणायचे नाही, हा श्रोत्यांवर थोडा अन्यायच आहे. शिवाय आज ज्या गाण्यांचा उल्लेख मी करणार आहे, त्यांतली बरीचशी आपण माझ्यापेक्षा अधिक वेळा ऐकलेली असतील. कुणी वरातीत, कुणी एस.टी.त, कुणी कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरवर. तेव्हा त्यांची ओळख करून देणे हा माझा हेतू नाही. नवे गाणे कानावर पडले म्हणजे ते चांगले की वाईट हे आपण कशावरून ठरवतो, आणि कशावरून ठरवावे, एवढाच माझा विषय आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात गीतगायनाचा परीक्षक म्हणून मला बोलावले होते. हाती गुणपत्रिका दिली होती. तीत स्वर, ताल, पाठांतर आणि सादरीकरण असे चार रकाने होते आणि प्रत्येकाला दहा गुण. मुलांनी चित्रपटगीते म्हटली, एकाने नाट्यगीत म्हटले. मग एक मुलगी उभी राहिली. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, आणि ती मागे आजीजवळ राहिलेली. तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. पेटीवाल्याला तिची पट्टी सापडेना, तबलजीला सम सापडेना. शेवटी दोघेही हात आवरून बसले. मी माझ्या रकान्यांशी प्रामाणिक राहिलो आणि स्वराला तीन, तालाला दोन असे गुण दिले. बक्षीस एका चित्रपटगीताला गेले. घरी परतताना मात्र माझ्या कानात त्या गीताचा एक सूरही उरला नव्हता. कानात घोळत होती ती ओवी.

गुण देताना मी बेरीज चुकलो नव्हतो, माझे माप चुकले होते. दूध लिटरने मोजावे आणि कापड मीटरने, हे आपल्याला बाजारात कुणी शिकवावे लागत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण सर्रास एकच माप हातात घेऊन बसतो. शास्त्रीय संगीत ऐकणारा वरातीतल्या गाण्यात राग शोधतो आणि सापडला नाही म्हणून नाक मुरडतो. उलटपक्षी, तरुण मुलगा किती कोटी लोकांनी ऐकले हा आकडा दाखवतो आणि वाद मिटला असे समजतो. दोघेही गाणे ऐकण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात.

गाणे कशासाठी आणि कुठे म्हटले जाते, हे पाहिल्यावाचून त्याची पारख होत नाही. आषाढी वारीसाठी शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईच्या वाटेने जाते, तेव्हा वारकरी जो अभंग म्हणतात तो चालणाऱ्या पायांच्या लयीवर बेतलेला असतो. तोच अभंग पंडित भीमसेन जोशी मैफिलीत गात, तेव्हा श्रोते बसलेले असत आणि एकेका शब्दाभोवती स्वरांचा विस्तार होई. ह्या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच मुळी गैरलागू आहे. एक गाणे चालण्याचे आहे, दुसरे बसून ऐकण्याचे.

गाणे ज्या साधनावर नोंदले जाते, ते साधनही त्याला आकार देते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपले पंचीकरण कागदाऐवजी लांबलचक पासोडीवर लिहिले, हे आपण जाणताच. कापडावर लिहिणाऱ्याची मांडणी पोथीतल्या पानावर लिहिणाऱ्यासारखी राहत नाही. ध्वनिमुद्रणाचेही तसेच आहे. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवावा लागे, आणि अखेरीस गायिका स्वतःचे नाव उच्चारून मोकळी होई. अशा अनेक तबकड्या पाकिटांच्या एका जाड वहीत घालून विकत, आणि ती वही फोटोंच्या वहीसारखी दिसे, म्हणून तिला 'अल्बम' म्हणू लागले. पुढे 1948 साली दीर्घ वादनाची तबकडी आली, 1963 मध्ये कॅसेट आली. कॅसेट स्वस्त होती. त्यामुळे ज्यांना मोठ्या कंपन्यांचे दार कधी उघडले नसते, अशा गावोगावच्या भीमगीतांना, भजनांना आणि लोकगीतांना बाजारात जागा मिळाली. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद ह्यांचे आवाज खेड्यापाड्यांतल्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले ते ह्याच वाटेने.

आता गाणे फोनमध्ये आले आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेवर 30 सेकंद ऐकले गेले की गाणे एकदा ऐकले असे मोजले जाते. साहजिकच लांब प्रास्ताविकाची वाद्ये गेली, आणि ओठांवर बसणारी ओळ अगदी आरंभी आली. ही अभिरुचीची घसरण आहे असे कुणी म्हणेल. मी म्हणेन की पूर्वी तबकडीने तीन मिनिटांची अट घातली होती, आता फोनने अर्ध्या मिनिटाची घातली आहे. त्या अटीत राहून कुणी काय केले, हे पाहायचे.

एवढी तयारी झाल्यावर आता अलीकडच्या काही गाण्यांकडे वळू.

प्रथम 'सैराट'. 2016 सालच्या ह्या चित्रपटात चारच गाणी आहेत आणि संगीत अजय-अतुल ह्यांचे. त्यांतला पाश्चात्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केला होता. करमाळ्याकडच्या खेड्यातले पोरगे प्रेमात पडते, आणि त्याच्यासाठी व्हायोलिनांचा ताफा सात समुद्रांपलीकडे वाजतो! वरवर पाहता हा बडेजाव वाटेल. पण 'याड लागलं' लक्ष देऊन ऐका. शब्द बोलीतले, गळा मोकळा, आणि त्याखाली तंतुवाद्यांच्या लाटा. आजवर असली भव्यता आपल्या चित्रपटांनी बहुधा शहरी नायकासाठी राखून ठेवली होती. ती खेड्यातल्या पोराच्या वाट्याला आली, हेच ह्या गाण्याचे म्हणणे आहे, आणि ते शब्दांत न सांगता वाद्यांनी सांगितले आहे. 'झिंगाट'चे माप निराळे. ते पाय हलविण्यासाठी केलेले गाणे आहे, आणि पाय हलतात. हीच चाल 2018 साली 'धडक' ह्या हिंदी चित्रपटात नव्या शब्दांनी आली. चाल तीच, ठेका तोच, तरीही गाव हरवले. नाचाच्या गाण्यात शब्दांना काय महत्त्व, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन गाणी लागोपाठ ऐकावीत.

दुसरे उदाहरण 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक 1967 चे, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. 2015 साली त्यावर चित्रपट निघाला. त्यात जुनी पदे ठेवून शंकर-एहसान-लॉय ह्यांनी नवी जोडली. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि अभिषेकींचे शिष्य महेश काळे ह्यांनी गायन केले, आणि महेश काळे ह्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे मला एक उणेपण जाणवते. नाटकात पद रंगले की 'वन्स मोअर' येई, आणि गायक त्याच पदातून नवी वाट काढी. चित्रपटात कथेला पुढे जायची घाई असते, म्हणून तानेला श्वास घ्यायला जागा राहत नाही. तथापि, नाट्यसंगीताचे खरे काम रागाचे ज्ञान नसलेल्या माणसाला रागाच्या दारापर्यंत आणून सोडणे हे आहे. ते काम ह्या अल्बमने चोख केले. 'सूर निरागस हो' आज शाळाशाळांतून म्हटले जाते, हा त्याचा पुरावा.

तिसरा प्रकार चित्रपटाचा आधार नसलेल्या गाण्यांचा. 2024 मध्ये संजू राठोड ह्यांचे 'गुलाबी साडी' घरोघर पोहोचले. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस ह्यांचे 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या एका कंपनीने प्रसिद्ध केले. पहिल्याचे बळ एका सोप्या, वारंवार येणाऱ्या ओळीत आहे. साडी, फोटो, लाडीगोडी, इतकाच त्याचा संसार, पण त्यात अवघडलेपण नाही. दुसऱ्यात 'हाऊस' नावाच्या परदेशी नृत्यसंगीताचे चार सारखे ठोके आहेत आणि त्यांवर मराठी शब्द नादासाठी बसविले आहेत. त्यात अर्थ शोधणारा निराश होईल, पण आपल्या भाषेतल्या कठोर व्यंजनांचा ढोलकीसारखा उपयोग होतो हे तिथे कळते. दोन्हींची मर्यादा एकच. पहिल्या मिनिटात जे सांगितले त्यापलीकडे दुसऱ्या मिनिटात काही घडत नाही. दहाव्यांदा ऐकताना ही उणीव जाणवते. आवाजाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. 1997 पासून गायकाचा चुकलेला सूर सरळ करणारे साधन उपलब्ध आहे, आणि आजच्या गाण्यांत ते उघडपणे वापरतात. कपड्याला इस्त्री असावी तसे ते आहे. इस्त्री दिसते म्हणून कापड वाईट ठरत नाही, आणि इस्त्रीने कापड चांगलेही होत नाही.

आता चौथे उदाहरण. ते दुकानात मिळत नाही. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर ह्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1996 साली बर्नार्ड बेल ह्यांच्यासह ते आपल्या माजलगावच्या भीमनगरात आले आणि तिथल्या स्त्रियांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. 2017 पासून ह्या संग्रहातल्या ओव्या 'पारी' ह्या संस्थेमार्फत जगात कुठेही ऐकता येतात.

ह्या गाण्याला वाद्य नाही. ओवी दोनच ओळींची, पण पालुपद घेत, शब्द परतवत ती लांबवली जाते. एकीने उचलावी, दुसरीने पुरी करावी. ताल तबल्याचा नव्हे, जात्याच्या फेऱ्याचा. दगड जड झाला की लय मंदावते, आणि दम लागला की ओळ तुटते. जी मोड आपल्याला दोष वाटते, ती दळणाऱ्या हाताची खूण असते. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि गाण्याचे कारणच संपले. म्हणून ही ध्वनिमुद्रणे नुसती जुनी गाणी नाहीत. ज्यांच्या आयुष्याबद्दल दुसऱ्या कुणी फारसे लिहिले नाही, त्यांनी स्वतः केलेली ती नोंद आहे.

मग पारख करायची कशी? मी माझे चार रकाने टाकून दिले आणि त्यांच्या जागी तीन प्रश्न ठेवले. हे गाणे कोणत्या कामासाठी झाले, आणि ते काम त्याने केले का? ज्या साधनाच्या अटीत ते बसले आहे, त्या अटीतून त्याने काही मिळविले की नुसती शरणागती पत्करली? आणि हे गाणे दुसऱ्या कुणाच्या तोंडी, दुसऱ्या गावी जसेच्या तसे बसेल काय? बसत असेल तर ते अजून कुणाचेच झालेले नाही. 'झिंगाट' ह्या तिसऱ्या कसोटीवर उतरते, त्याची हिंदी नक्कल उतरत नाही. ओवी तिन्हींवर उतरते.

कुणी म्हणेल, अशाने सगळेच चांगले ठरेल. तसे होत नाही. नाचासाठी केलेले गाणे नाचवीत नसेल, तर ते त्याच्याच मापाने नापास होते. भक्तीसाठी केलेले गाणे श्रोत्याचे लक्ष देवाऐवजी गायकाच्या करामतीकडे ओढीत असेल, तर तेही नापास. उलट, गाण्याला त्याचेच माप लावले की पळवाट उरत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. दसरा-दिवाळीनंतर येथील लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून हिशेबात 'एक कोयता' होतात. जिथे दोन माणसे मिळून एक आकडा होतो, तिथे त्यांच्या गाण्याचा हिशेब कोण ठेवणार? तो ठेवणे निदान आपल्या, ऐकणाऱ्यांच्या, हाती आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचा आवाज आज फोनवर पाच मिनिटांत नोंदता येतो. ती गेल्यावर तो कोणत्याही किमतीला मिळत नाही.

त्या मुलीची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. पडली तर गुण बदलता येणार नाहीत. पण तिच्या आजीच्या ओव्या कुणी लिहून ठेवल्या आहेत का, एवढे मी तिला जरूर विचारीन. आपणही आज घरी गेल्यावर हा प्रश्न विचारावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.