लोणारच्या चित्रात माणूस काढायचा का?

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाहून शाळेची सहल काढायची तर जिल्ह्यातच तीन ठिकाणे आहेत: शेगाव, सिंदखेड राजा, लोणार. शेगावचे आनंद सागर हे उद्यान तिथल्या गजानन महाराज संस्थानाने ठरवून घडवले, तलावासकट. सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांचा वाडा आहे. १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला तो हा. लोणारला तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर कोणी रचनाकार न लागताच तयार झाले. तिन्ही ठिकाणी मुले काचेच्या कपाटापुढे रांगेत उभी राहत नाहीत, थेट आत शिरतात. असे ‘आत शिरणे’ चार भिंतींत, दिवे, आवाज, पडदे आणि लाकूडकाम यांच्या जोरावर घडवणारा एक व्यवसाय आता उभा राहिला आहे. अशा दालनांना ‘इमर्सिव्ह’ म्हणतात. ती रचणारे बरेच जण कोणाचे नोकर नसतात. एक काम संपले की पुढच्याच्या शोधात असतात.

या कामाची सरळ अशी एकच वाट नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली निघाली आणि प्रदर्शन-रचना हा तिथे शिकण्याचा विषय झाला. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी या संस्थेबरोबर नेहरूंच्या आयुष्यावरचे प्रदर्शन १९६५ साली उभे केले, तेव्हा वस्तू, छायाचित्रे आणि जागा यांची एकत्र गोष्ट सांगता येते हे इथल्या तरुणांनी जवळून पाहिले. कोणी वास्तुशास्त्रातून येतो, कोणी नाटकाच्या नेपथ्यातून, कोणी चित्रपटाच्या कलाविभागातून. पण मराठी मुलखातली यांची सर्वांत मोठी शाळा, माझ्या मते, गणेशोत्सवातला देखावा. दहा दिवस टिकेल असा किल्ला, मान हलवणारा हत्ती, पडदा उघडताच सुरू होणारे निवेदन, आणि गर्दी एका दाराने घेऊन दुसऱ्याने बाहेर काढायची युक्ती. मंडळाच्या मांडवात हे शिकलेल्या माणसाला संग्रहालयात एकच गोष्ट नव्याने शिकावी लागते: इथली वस्तू खरी आहे, तिला खिळा मारायचा नाही.

त्याही आधीची एक कडी कल्याणची. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. काचेवर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रे दिव्याने पडद्यावर मोठी होत, काचा सरकवल्या की पात्रे हलत, जोडीला निवेदन आणि संगीत. अंधार, प्रकाश, आवाज, कथा. आजच्या दालनात यंत्रे बदलली आहेत, बाकी साहित्य तेच.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी दुसरी वाट दाखवली. १९२० च्या दशकापासून ते आणि कमलाबाई गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, वाद्ये जमवत राहिले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय झाले आणि १९७५ साली तो सारा ठेवा त्यांनी सरकारच्या स्वाधीन केला. तिथला मस्तानी महाल मला नेहमी थांबवतो. कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून ते दालन पुन्हा उभारलेले आहे. म्हणजे खोलीच वस्तू झाली आणि बघणारा तिच्या पोटात. ‘इमर्सिव्ह’ हा शब्द तेव्हा कोणाच्या ओठी नव्हता.

हाताने करायचे काम मात्र भलतेच रुक्ष असते. जुने कागद, पोथ्या, लघुचित्रे, पैठण्या यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पाडायचा नाही. तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणून पैठणीचे दालन अंधारे दिसते तेव्हा ते नाट्य नसते, काळजी असते. पण उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे त्या अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात, तोवर त्याला कुठून चालवायचे? मग वळणाची एक बोळ काढायची, तिच्या भिंतीवर फारसे काही लावायचे नाही, उजेड पायरीपायरीने उतरवायचा. भेट देणाऱ्याला ती बोळ आठवतही नाही. फलकाचा मजकूर पन्नास-साठ शब्दांत बसवायचा, तो चाकाच्या खुर्चीवरून दिसला पाहिजे आणि आठवीतल्या मुलाला कळला पाहिजे. शेजारच्या दालनातल्या तोफेचा आवाज अभंगाच्या दालनात शिरता कामा नये. नकाशावरची अर्धी भांडणे याच आवाजावरून होतात.

खरी कसोटी पुढे असते. समजा, लोणारच्या विवरावर असे एक दालन करायचे आहे. गावाला ठाऊक असलेली कथा लवणासुराची. त्याला मारणाऱ्या दैत्यसूदनाचे मंदिर तिथेच उभे आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. पुढे बराच काळ ते ज्वालामुखीचे तोंड मानले गेले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्रचंड आघातानेच तयार होते अशी मास्केलिनाइट नावाची काच तिथल्या खडकात सापडल्याचे आले आणि उल्केचे पारडे जड झाले. इथवर सोपे आहे. अडचण वयाची. खनिज तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून मोजले तर विवर सुमारे ५२ हजार वर्षांचे. आर्गॉनच्या समस्थानिकांवरून २०११ साली मांडलेल्या हिशेबाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे. फरक दहापटीहून जास्त.

छापील फलकावर दोन्ही आकडे शेजारी लिहिता येतात. पण गोल भिंतीवर उल्का कोसळते, बाके थरथरतात, धुरळा उसळतो, तेव्हा चित्रकाराला ठरवावेच लागते: टेकडीवर पाहणारा माणूस काढायचा का? ५२ हजार वर्षे धरली तर आपल्यासारखा माणूस काढता येईल. पावणेसहा लाख धरली तर आपली जात अजून जन्मलीच नव्हती. फलक शंका बाळगू शकतो. भारून टाकणारा पडदा शंका गिळून टाकतो आणि बाहेर पडणारे मूल ‘मी पाहिले’ म्हणते. या व्यवसायाचे सर्वांत मोठे जोखमीचे ठिकाण हेच आहे, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. माझी पसंती विचाराल तर चित्रात माणूस नको. पुढच्या खोलीत दोन खडक, दोन पद्धती, दोन आकडे.

कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठात जुन्या गावगाड्याचे शिल्पसंग्रहालय आहे. कुंभार, लोहार, वैद्य, बैलजोड्या, सारे पूर्ण मापाचे आणि कारागिरी थक्क करणारी. शहरातली मुले तिथे मोट पहिल्यांदा पाहतात, ही मोठीच गोष्ट. पण मला ते गाव फार समाधानी वाटते. आपले आजोबा ते सोडून गिरणीत का गेले असतील, हा प्रश्न तिथे फिरताना पडतच नाही. पुण्याजवळ आंबेगावला बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी उभी राहते आहे. तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. शिवकाळासारखा विषय आणि प्रकाश-ध्वनीचे बळ एकत्र आले की बघणारा भारावणारच. अशा वेळी कागदपत्र काय सांगते आणि भर कल्पनेची किती, हे दालनातच दाखवायची जबाबदारी रचनाकारावर येते. ती पेलायला त्याच्या हाती अधिकार मात्र क्वचितच असतो.

कारण तो बहुधा ठेकेदाराच्या हाताखाली असतो. निविदा सर्वांत कमी दरवाल्याला गेली की ठेकेदार रचनाकार शोधतो, रचनाकार पुढे फायबरवाला, सुतार, चित्रफीत करणारा शोधतो. पैसे टप्प्याटप्प्याने: संकल्पना, नकाशे, उभारणी. काही रक्कम देखभालीची मुदत संपेपर्यंत अडकलेली. आशयाला, म्हणजे काय सांगायचे आणि ते खरे कशावरून याला, दरपत्रकात चौरस फुटाचा दर लावता येत नाही. संशोधनाचे महिने मग घरचे खाऊन होतात.

उद्घाटनानंतरचा हिशेब आणखी कडू. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा दोन ते चार हजार तास चालतो. रोज आठ तास धरले तर वर्षभरात संपायला येतो. लेसरचा २० हजार तासांचा म्हणजे सहा-सात वर्षे, पण किंमत चढी. त्यात धूळ, उन्हाळ्यात दमणारी वातानुकूलन यंत्रे, वीज जाणे-येणे. देखभालीच्या कराराला पैसे नसले की पहिल्यांदा आवाज बंद पडतो, मग एकेक पडदा. म्हणून जाणता रचनाकार दालन सोपवताना चौकीदाराला एक कागद देतो: आधी यूपीएस, मग संगणक, शेवटी प्रोजेक्टर, बंद करताना उलट. शिवाय खिडकीच्या उजेडात वाचता येईल असा निदान एक फलक तो रंगाने लिहून घेतो. लोणारचे दालन कोणी करायला घेतलेच, तर दोन्ही वयांचे आकडे त्या फलकावर घ्यावेत.